दुच्चोची मॅडोना, मूळ मापात : फाईल फुकट, छपाई दोनशे ऐंशी

आधी वस्तू काय आहे ते सांगतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमकडं दुच्चो दि बुओनिन्सेन्या या इटलीतल्या सिएना गावच्या चित्रकाराचं एक लाकडी फळीवरचं चित्र आहे. मेरी आणि तिच्या कडेवर बाळ येशू. काळ साधारण १२९० ते १३००, म्हणजे आपल्याकडं देवगिरीच्या गादीवर रामदेवराव यादव होता तेव्हाचा. या म्युझियमनं २०१७ पासून आपल्याकडच्या हक्कमुक्त चित्रांच्या मोठ्या फाईली सगळ्यांना खुल्या केल्यात. उतरवून घ्या, छापा, वाटलं तर विका, कुणी विचारत नाही. मी ती फाईल घेतली, कोल्हापुरात मूळ मापात छापली, फ्रेमवाल्याकडं दिली, परत आणली, सोडवली, पुन्हा बसवली. त्या सगळ्याचा हा हिशेब.

गुण आधीच देऊन टाकतो. फाईलला पाचपैकी पाच. छपाईला चार. फ्रेमवाल्याला दीड, तोही त्याच्या दुकानातल्या चहाचा.

आता मी कोण हे सांगणारा. मी चित्रकार नव्हे, पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रकची पाठ, तालमीच्या गणपतीचे बोर्ड, निवडणुकीत भिंती. फ्लेक्स आलं तसा ब्रश खुंटीला लागला आणि आता पोरगा मशीन चालवतो, मी गिऱ्हाइकाशी बोलतो. पुतण्या कलानिकेतनला, चित्रकलेच्या कॉलेजात आहे. त्यानंच मोबाईलवर हे चित्र दाखवलं आणि म्हणाला, ‘‘काका, तुमचं ठोकळा अक्षर बघा, सातशे वर्षांपूर्वीचं.’’ बोट त्यानं चित्राच्या तळाला ठेवलं होतं. आई-बाळाकडं मी नंतर बघितलं.

तळाला एक कठडा आहे. दगडी सज्जाला खालनं आधाराचे ठोकळे असतात ना, तसे ओळीनं ठोकळे काढलेत आणि त्यावर कठड्याची कड. प्रत्येक ठोकळ्याला पुढची बाजू आहे, आत जाणारी बाजू आहे, आणि दोन्हींचा रंग वेगळा. पाटी रंगवणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. ‘स्वीट मार्ट’ लिहिताना अक्षराची पुढची बाजू पिवळी, जाडी तांबडी, आणि शेड सगळीकडं एकाच अंगाला. एका अक्षराची जाडी डावीकडं आणि दुसऱ्याची उजवीकडं गेली की सगळी पाटी पडते. दुच्चोची पडत नाही. बोटभर पट्टीत त्यानं हे बसवलंय, आणि छापलेल्या कागदावर भिंग धरून बघितलं तरी ठोकळे ठोकळेच राहतात.

पण आमचं ठोकळा अक्षर लांबनं वाचता यावं म्हणून असतं. हा कठडा कशासाठी आहे, ते कळायला मला वेळ लागला, आणि या परीक्षणात खरं सांगायचंय ते एवढंच आहे.

आपण कोल्हापूरकर, चित्रातली खोली म्हटलं की पडदा आठवतो. बाबूराव पेंटर आणि आनंदराव पेंटर नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे, आणि त्या पडद्यांची गोष्ट आमच्या धंद्यात अजून सांगतात. रस्ता, महाल, खांबांची रांग, सगळं आत आत जाणारं, शेवटी एका बिंदूत मिळणारं. इटलीतही पुढं तेच झालं. फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेला चर्चमध्ये मासाच्चोनं १४२७ च्या सुमाराला भिंतीवर ख्रिस्ती त्रैक्याचं (पिता, पुत्र, पवित्र आत्मा) चित्र काढलं, त्यात वर पिंपासारखं गोल छत असं काही आत जातं की भिंतीला दालन फोडलंय असं वाटावं. आल्बेर्ती नावाच्या विद्वानानं त्या विद्येचे, म्हणजे पर्स्पेक्टिव्हचे, नियम १४३५ मध्ये लिहून ठेवले. दुच्चोच्या हातात यातलं काही नव्हतं. शिवाय त्याच्या चित्रात आत जायला जागाच नाही. आईच्या मागं सोनं आहे. आकाश नाही, दालन नाही, डोंगर नाही. नुसता वर्ख. सोन्याची भिंतच म्हणा.

मग खोली आली कुठनं? पुढनं. कठडा आपल्या बाजूला आहे. त्याच्या पलीकडं ती उभी. म्हणजे चित्राची फळी जिथं संपते तिथं तिची जागा संपत नाही, कठड्याला लागून अलीकडं माझी जागा सुरू होते. पडद्याची खोली नजरेला आत ओढून नेते आणि मी खुर्चीतच राहतो. इथं मला कुठं जायचं नाही, तीच अलीकडं आलीय, मधी फक्त हातभर दगड. भक्ताच्या चित्राला याहून काय पाहिजे? देव लांब क्षितिजावर कुणाला हवा असतो?

याच कठड्यापायी या चित्रावर आळही आलाय. म्युझियमनं ते २००४ मध्ये घेतलं तेव्हा बातम्यांत किंमत आली होती सुमारे साडेचार कोटी डॉलर. दोन वर्षांनी कोलंबिया विद्यापीठाचे जेम्स बेक म्हणून प्राध्यापक उभे राहिले आणि म्हणाले, हे दुच्चोचं नाहीच, एकोणिसाव्या शतकातली नक्कल आहे. असा कठडा त्या काळात कुणाला सुचणंच शक्य नाही. म्युझियमनं आणि इतर जाणकारांनी ते मानलं नाही. आणि इटलीतल्याच असिसी गावी सेंट फ्रान्सिसच्या वरच्या चर्चमध्ये तेराव्या शतकाच्या शेवटी भिंतीवर असेच रंगवलेले ठोकळे, रंगवलेल्या कडा आहेतच. म्हणजे ठोकळा त्या मुलखात माहीत होता. भिंतीवर शोभेला असलेली गोष्ट दुच्चोनं एवढ्याशा फळीवर आणली आणि मेरीच्या पुढ्यात ठेवली. नवी अक्कल आहे ती एवढीच, पण मला विचाराल तर भिंतभर नक्षीपेक्षा जास्त किमतीची.

आता वर या. बाळाचा हात आईच्या पदराला लागलाय. डोक्यावरनं उतरलेला पांढरा पदर तो बाजूला सारतोय, तिचं तोंड नीट दिसावं म्हणून. कडेवरच्या पोराला तेवढंच सुचतं. कापडाच्या घड्या हाताच्या ओढीनं हलल्यात, नुसत्या शोभेच्या रेघा नाहीत. शेजारच्या वहिनी चित्राजवळ आल्या आणि पहिलं वाक्य बोलल्या, ‘‘पोर पदर वढतंय आणि आईचं ध्यान न्हाई.’’ त्यांना सिएना माहीत नाही, दुच्चो माहीत नाही. चर्चवाले म्हणतात तिला पोराचं पुढचं मरण आधीच कळलेलं आहे म्हणून ती अशी बघते. वहिनींनी मरणाचं काही काढलं नाही, पण नजर बाळावर ठरत नाही हे त्यांनी बरोबर हेरलं.

सगळंच जिवंत आहे असं म्हणणार नाही. बाळाचं तोंड बाळाचं कमी आणि छोट्या माणसाचं जास्त. आईची बोटं लांबच लांब, नाक जुन्या बायझंटाईन, म्हणजे पूर्वेकडच्या ख्रिस्ती साम्राज्यातल्या, पूजाचित्रांकडनं सरळ उचललेलं. शरीरशास्त्र शोधायला जाल तर दहा चुका सापडतील. जिवंत आहे तो त्या दोघांतला व्यवहार. तो हात काढून टाकला तर बाकी चित्र पूजेची मूर्ती होईल.

छपाईकडं येतो. मूळ चित्र लाकडी कडेसकट २७.९ बाय २१ सेंटिमीटर. रंगवलेला भाग २३.८ बाय १६.५. ए-फोर कागद काढा, रुंदी बरोबर तीच, उंची पावणेदोन सेंटिमीटर जास्त. मोठ्या चित्रांचं पुस्तकात पोस्टाचं तिकीट होतं, इथं तो प्रश्नच नाही. दुच्चोचंच दुसरं मेरीचं चित्र फ्लॉरेन्सच्या उफ्फीझीत आहे, रुचेल्लाई मॅडोना नावाचं. त्याचा करार १२८५ चा, उंची साडेचार मीटर. ते मूळ मापात छापायचं तर पंधरा फुटी होर्डिंग लागेल आणि महापालिकेची परवानगी. हे हातात धरायचं चित्र आहे, तेवढंच छापा. मोठं करू नका. मी हौसेनं ए-थ्रीला एक प्रत काढून बघितली. फाईल फाटली नाही, पण आई लांब गेली. कठडा हातभर होता तो भिंत झाला.

मूळ मापाला ३०० डीपीआयनं (इंचाला तीनशे ठिपके) साधारण २५०० बाय ३३०० पिक्सेल लागतात, फाईल तेवढ्याला पुरते. कागदाचं मात्र जपा. राजारामपुरीत एकाकडं तीन प्रकार काढून घेतले. ग्लॉसी नव्वद रुपये: सोन्याच्या जागी ट्यूबलाईट दिसते, दुसरं काही नाही. कॅनव्हास साडेतीनशे: लोकांना वाटतं जुनं चित्र म्हणजे कॅनव्हास. हे चित्र कापडावर नाही. लाकडावर जिप्सम आणि सरसाचं अस्तर, ते घासून गुळगुळीत केलेलं, त्यावर रंग. कॅनव्हासचं विणकाम मेरीच्या गालावर उठलं की झालं, सगळी नाजूक रेघ त्यात मरते. तिसरा जाड मॅट कागद, पिगमेंट शाईवर, दोनशे ऐंशी रुपये. हाच घ्या.

सोनं मात्र छापता येत नाही. मशीनला पिवळी आणि थोडी काळी-तांबडी मिसळून जे येतं ते सोनं नव्हे, मातकट पिवळा. मूळ फळीवर तांबूस मातीच्या थरावर खरा वर्ख असतो, घोटून चकचकीत केलेला, आणि डोक्यामागच्या वलयाची नक्षी टोकदार हत्यारानं त्यात कोरलेली. मेणबत्ती हलली की ती नक्षी हलणार. कागदावर ती रेघ राहते, हलत नाही. म्हणून छपाईचा एक गुण कापला. दुकानदारानं सोनेरी फॉईल मारून देतो म्हणून सांगितलं, लग्नपत्रिकेला मारतात ते. नको म्हटलं. पत्रिकेचं सोनं पत्रिकेलाच शोभतं.

छपाईच्या वेळी ऑपरेटरशी जे झालं ते सांगितलंच पाहिजे, कारण तुमच्याशीही होईल. पोरगं चांगलं, हात बसलेला, लग्नाचे अल्बम करणारं. पडद्यावर चित्र उघडलं आणि लगेच माउस कोपऱ्यात.

‘‘काका, तोंड हिरवट मारतंय. जरा रेड वाढवू?’’

‘‘वाढवायचं नाही.’’

‘‘अहो, आजारी दिसतीय बाई. एक क्लिक.’’

‘‘ते हिरवं मुद्दाम घातलेलं आहे.’’

‘‘मुद्दाम कोण घालतंय हिरवं?’’

घालत होते. तेव्हा अंगाच्या रंगाखाली हिरव्या मातीचा एक हात द्यायची पद्धत होती. त्यावर गुलाबी आणि पांढऱ्याच्या केसासारख्या बारीक रेघा, एकाला एक लागून. रंग अंड्याच्या बलकात कालवलेला, तो बघता बघता वाळतो, त्यामुळं तेलरंगासारखं घोळवून मिसळता येत नाही. गोलाई आणायची तर रेघेवर रेघच मारावी लागते. सावलीत रेघा विरळ, तिथं हिरवं दिसतं. उजेडात दाट, तिथं झाकतं. गालाची गोलाई त्या हिरव्यातनंच येते, आणि वरचा रंग काळानं पातळ झाला की खालचं जास्त डोकावतं. तांबडा वाढवला तर मेरी गोरीपान होईल, गाल सपाट होईल. पोराला हे सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, ‘‘तुमची फाईल, तुमची मर्जी,’’ म्हणाला आणि तशीच छापली. हा त्याचा मोठेपणा. अल्बमवाले सहसा ऐकत नाहीत.

बलकावरनं आठवलं. चेन्निनो चेन्निनी म्हणून इटलीचाच एक चित्रकार होऊन गेला, दुच्चोनंतर शंभरेक वर्षांनी. त्यानं लिहून ठेवलंय की तरुण माणसाच्या तोंडाला शहरी कोंबडीच्या अंड्याचा बलक घ्यावा, तो फिका असतो; म्हाताऱ्या, रापलेल्या तोंडाला खेड्यातल्या कोंबडीचा, तो तांबूस असतो. आमच्याकडं गावठी अंड्याला जास्त पैसे मोजतात ते चवीसाठी. रंगासाठी कुणी मोजले असतील हे मला नवीन होतं.

आता फ्रेमवाला. नाव सांगत नाही, धंदा त्याचाही चालला पाहिजे. मी छापील कागद दिला, साधी पट्टी सांगितली आणि दोन दिवसांनी गेलो तर चित्र तयार. भोवती मरून रंगाचा दोन इंची माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, वर काच, बाहेर सोनेरी नक्षीची पट्टी. आणि तळाचा कठडा गायब.

‘‘मामा, खालचं कुठं गेलं?’’

‘‘खाली कड जळलेली होती हो. डाग दिसत होते. म्हणून माउंटखाली घेतली. आता बघा कसं क्लीन दिसतंय.’’

खरं आहे, खालची कड जळलेली आहे. मूळ चित्राची चौकट फळीलाच धरून आहे, म्युझियमच्या फोटोत ती येते, आणि तिच्या तळाला काळे डाग आहेत. समोर मेणबत्त्या लावून लावून पडलेले. आमच्या देव्हाऱ्यात अंबाबाईच्या तसबिरीखाली निरांजनाची काजळी धरते, तसंच. कुणीतरी हे चित्र जवळ ठेवून प्रार्थना केली त्याचा तो पुरावा, आणि मामांनी तो खराबा समजून झाकला. झाकता झाकता कठड्याचे ठोकळेही गेले. उरली सोन्यावर तरंगणारी बाई आणि बाळ. सगळी खोली दोन बोटं पुठ्ठ्याखाली गेली.

त्यांच्या बाजूनं सांगायचं तर रोज येणाऱ्या गिऱ्हाइकाला हेच हवं असतं. डाग नको, कड नको, चकचकीत पाहिजे. पण विचारायला फोन होता. वर सोडवून द्यायचे पुन्हा पैसे घेतले. चहा मात्र उत्तम होता, आलं घातलेला.

शेवटी मीच केलं. अठरा एमएमचा एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा बोर्ड) चित्राच्या मापाचा कापून घेतला, कडांना गडद तपकिरी रंगाचे दोन हात मारले, कागद त्यावर चिकटवला. माउंट नाही, काच नाही, पट्टी नाही. काच टाळायचं कारण म्हणजे तिच्यात आपलंच तोंड दिसतं आणि कठड्याच्या अलीकडं आपण आधीच उभे आहोत, दोनदा कशाला? जाडी असल्यामुळं ते भिंतीवर टांगावं लागत नाही, फडताळावर उभं राहतं. आणि ठेवायचं ते छातीच्या उंचीला. वर टांगलं की ठोकळे खालनं दिसायला लागतात आणि हिशेब बिघडतो. धुळीचा त्रास आहे, आठवड्याला मऊ कोरड्या ब्रशनं झटकावं लागतं. ओलं फडकं लावू नका.

एकूण खर्च, फसलेले कागद आणि फ्रेमवाल्याची दक्षिणा सोडून: छपाई २८०, एमडीएफ आणि कापणावळ १५०, रंग घरचा.

कुणी घ्यावं? सोफ्यामागं भरायला मोठी भिंत असेल तर घेऊ नका, ए-फोरचं काही तिथं दिसणार नाही. कलाशिक्षकांनी जरूर घ्यावं. वर्गात पर्स्पेक्टिव्ह शिकवताना फळ्यावर आगगाडीचे रूळ काढण्याआधी पोरांच्या हातात हे फिरवावं आणि विचारावं, यात पुढं काय आहे आणि मागं काय आहे. हातात दिलं पाहिजे, प्रोजेक्टरवर नको, प्रोजेक्टरवर माप जातं. आणि पाट्या रंगवणारे जे चारदोन जण अजून गावात राहिलेत त्यांनी तर घ्यावंच, तळाची पट्टी बघायला.

मी पुढची फाईलही उतरवून ठेवलीय, वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीची, तीही फुकट. दुच्चोनंच १३०८ ते १३११ मध्ये सिएनाच्या कॅथेड्रलसाठी जे प्रचंड चित्र केलं त्यातली एक फळी: पीटर आणि अँड्र्यू होडीत, येशू काठावरनं हाक मारतोय, आणि पाण्याखाली जाळ्यातले मासे दिसतायत. ती दीड फुटाच्या आसपास आहे, म्हणजे ए-फोर सोडून मोठा कागद लागणार. ऑपरेटरला फोन करून सांगून ठेवलंय, पाणी हिरवं आहे, ते निळं करायचं नाही.